परवान्याचे ९,००० रुपये

रत्नागिरीत इलेक्ट्रॉनिक्सची पदविका पूर्ण केल्यावर मी शहरातल्याच एका खासगी वर्गात रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम (उपकरणातली कामे ठरल्या वेळेत पार पाडणारी प्रणाली) शिकण्यासाठी २७,००० रुपये भरले, आणि त्यांपैकी ९,००० रुपये संचालकांनी ‘आम्ही स्वतः तयार केलेल्या’ प्रणालीच्या परवान्यापोटी घेतले. पावतीवर मात्र ‘प्रशिक्षण साहित्य’ एवढेच लिहिले होते. मी त्याबद्दल विचारले नाही, हा माझाच गाफीलपणा.

तीन महिन्यांत आम्ही दोन एलईडी वेगवेगळ्या गतीने लुकलुकवण्यापलीकडे गेलो नाही. म्युटेक्स आणि बायनरी सेमाफोर, म्हणजे कामांमधला ताळमेळ राखणाऱ्या दोन सोयी, यांत फरक काय, असे मी विचारले तेव्हा ‘दोन्ही एकच’ असे उत्तर मिळाले. फ्रीआरटीओएस नावाच्या अशाच एका प्रणालीत ते साफ चूक आहे, कारण तिथे म्युटेक्स धरून बसलेल्या कमी प्राधान्याच्या टास्कला (कामाला), त्याच म्युटेक्ससाठी खोळंबलेल्या वरच्या टास्कचे प्राधान्य तात्पुरते मिळते आणि सेमाफोरमध्ये तशी सोय नसते. १९९७ साली मंगळावर उतरलेले पाथफाइंडर यान पुन्हा पुन्हा रीसेट होत होते, ते खालच्या टास्कमुळे वरची टास्क अडकून पडण्याच्या, म्हणजे प्राधान्याच्या उलटापालटीमुळे.

शिमग्याला पालखीसाठी गावी आलेल्या माझ्या आतेभावाने, जो पुण्यात फर्मवेअर (उपकरणांच्या आतले सॉफ्टवेअर) लिहितो, माझ्या लॅपटॉपवरील फाइली उघडल्या. फंक्शनांच्या नावांपुढे वर्गाची आद्याक्षरे चिकटवली होती, फाइलींच्या माथ्यावरचा परवान्याचा मजकूर पुसला होता, पण स्मृतिवाटपाच्या फाइलीचे ‘हीप_४’ हे नाव बदलायचे राहून गेले होते. “अरे, हे फ्रीआरटीओएसच आहे,” तो म्हणाला, “आणि ते तर फुकट मिळतं.” ती प्रणाली २०१७ पासून एमआयटी परवान्याखाली आहे, ती कोणीही वापरावी, बदलावी, विकावीही, पण मूळ परवान्याचा मजकूर सोबत ठेवावा लागतो. शिकवण्याची फी घ्यायला कोणाचीच हरकत नाही. दुसऱ्याचे काम आपले म्हणून विकणे, ही फसवणूक.

त्यामुळे अशा वर्गात पैसे भरण्यापूर्वी प्रणालीचे नाव आणि परवाना लेखी मागावा, पावतीवर प्रत्येक रकमेचे कारण लिहून घ्यावे. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर आधी सल्लाही मिळतो. मी तिथे तक्रार नोंदवल्यावर संचालकांनी ४,००० रुपये परत देऊ केले, पण ‘माझी काहीही तक्रार नाही’ अशा कागदावर आधी सही मागितली. तो कागद अजून सहीविनाच माझ्याकडे आहे.