हार्ड डिस्क जायला लागलीय: एसएसडीवर क्लोन मारायचा की फ्रेश विंडोज टाकायची?

लॅपटॉप रडत चालतोय, डिस्क जुनी झालीय, एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर चालणारी, वेगवान डिस्क) टाकायची, इथपर्यंत कोणाचं दुमत नसतं. अडतं ते त्याच्या पुढे. जुन्या डिस्कचा आहे तसा क्लोन करून एसएसडीवर न्यायचा, का कोरी विंडोज टाकून फक्त आपल्या फाइली आणायच्या? आमच्या घरात दोन लॅपटॉप, वहिनींचा आणि माझा, आणि दोन्ही प्रकार करून झालेत. माझ्यावर तर आधी क्लोन केला आणि तीन आठवड्यांनी तो पुसून फ्रेश केली, त्यामुळे जे लिहितोय ते स्वतःच्या अनुभवावरूनच आहे, स्टॉपवॉच लावून काही मोजलेलं नाही.

आधी एक फरक बघून घ्या कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. डिस्क नुसती स्लो आहे का आजारी आहे? टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दोन्ही वेळेला दिसते, त्यावरून काहीच कळत नाही. परफॉर्मन्स टॅबमध्ये जाऊन रिस्पॉन्स टाइम बघा. ५४०० आरपीएमच्या (मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या) धडधाकट डिस्कला एखादी जागा शोधायला साधारण १२-१५ मिलिसेकंद लागतात, कामाचा लोड असला की आकडा थोडा वर जातो ते ठीक. पण डिस्क १०० टक्के, स्पीड जेमतेम एक-दोन एमबी, आणि रिस्पॉन्स टाइम हजारांत, असं दिसलं तर ती आजारी समजा. मग क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम) उघडून ‘करंट पेंडिंग सेक्टर’ची ओळ बघा, म्हणजे डिस्कला ज्या जागा (सेक्टर) वाचता आल्या नाहीत आणि ज्यांचा निकाल अजून लागलेला नाही त्या (तिथले आकडे सुरुवातीला हेक्समध्ये, म्हणजे मधे अक्षरं येणाऱ्या १६ च्या पटीतल्या मोजणीत असतात, सेटिंग बदलून साधे करून घ्या, नाहीतर उगाच गोंधळ होतो). वहिनींची डिस्क त्यात निळी दाखवत होती, म्हणजे गुड. माझी पिवळी, कॉशन.

माझी का बिघडली याचा अंदाज असा की बॅटरी पार मेली होती, लॅपटॉप फक्त चार्जरवर चालायचा, आणि आमच्याकडे गुरुवारी मेंटेनन्सला लाइट गेली की तो चालू असेल तिथे धप्पकन बंद पडायचा. लिहिता लिहिता करंट गेला की सेक्टर अर्धवट राहू शकतो. वर्षभर असे गुरुवार काढल्यावर डिस्कचं काय होणार.

आता क्लोन. त्याची बाजू खरोखर भक्कम आहे, ते नाकारत नाही. वहिनी शाळेत शिकवतात, दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये आहेत, ते फॉन्ट नसले की सगळी अक्षरं चित्रविचित्र दिसतात, शिवाय त्यांचा कीबोर्ड ठरलेला, प्रिंटरचा ड्रायव्हर कुठल्या काळातला ते कोणालाच आठवत नाही. हे सगळं क्लोनमध्ये जसंच्या तसं आलं. एसएसडी यूएसबीला लावली, दुपारी क्लोन सुरू केला, चहापर्यंत झाला, स्क्रू काढून डिस्क बदलली आणि वहिनींनी संध्याकाळी परत काम सुरू केलं, डेस्कटॉपवरचे आयकॉनसुद्धा त्याच जागी. त्यांना आजही काही त्रास नाही. एकच काळजी घ्या, क्लोन झाल्यावर दोन्ही डिस्क एकदम लावून लॅपटॉप चालू करू नका, दोघींची सही (विंडोज डिस्क ओळखते तो नंबर) एकच असते म्हणून विंडोज एकीला ऑफलाइन टाकते.

माझ्याकडे तेच करायला गेलो तर चाळिसेक टक्क्यांवर रीड एरर येऊन क्लोन थांबला. दोनदा. मग ‘बॅड सेक्टर सोडून पुढे जा’ या अर्थाचा जो पर्याय असतो तो टिक केला, रात्रभर चालू ठेवला, सकाळी शंभर टक्के. विंडोज चालू झाली, आधी पाच-सहा मिनिटं लागायची तिथे आता हात धुऊन येईपर्यंत डेस्कटॉप समोर. मी खूश.

आणि चौथ्या-पाचव्या दिवसापासून एक कटकट सुरू झाली, जिच्यामुळे माझं मत बदललं. वर्डमध्ये सेव्ह करताना, कधी राइट क्लिक केल्यावर, कधी एखादा फोल्डर उघडताना सगळं वीस-तीस सेकंद गोठायचं आणि मग काही झालंच नाही असं चालू. रोज नाही, ठरावीक वेळी नाही. नवी एसएसडीच खराब निघाली का, कनेक्टर नीट बसला नाही का, रॅम गेली का, का जुन्याच विंडोजचा घोळ आहे, काही कळायला मार्ग नाही. मी दोनदा मागचं झाकण उघडून एसएसडी काढून परत बसवली, एका रात्री रॅमची टेस्ट लावली, ती पास. पुण्यात तपकीर गल्लीत जिथून एसएसडी घेतली त्या दुकानात दाखवली तर त्यांनी मशीनला लावून सांगितलं की हिला काही झालेलं नाही. शेवटी एसएफसी स्कॅननाऊ (विंडोजच्या स्वतःच्या फाइली तपासणारी कमांड) चालवलं तेव्हा ते म्हणालं की विंडोजच्या फाइली करप्ट आहेत आणि त्यातल्या काही दुरुस्त करता येत नाहीत. मग उलगडलं. जे सेक्टर ‘सोडून पुढे’ गेले होते ते कोणत्या ना कोणत्या फाइलचे होतेच ना, त्या फाइली एसएसडीवर आल्या पण मधे भोकं घेऊन. कोणत्या फाइली, ते क्लोनने मला कुठे सांगितलं नाही. गोठण्यापेक्षा मला हाच त्रास जास्त झाला, तीन आठवडे नव्याकोऱ्या एसएसडीवर विश्वासच बसेना, आणि गोव्याच्या ट्रिपचे काही फोटो निम्मे राखाडी आहेत हे तर त्यानंतर सापडलं.

फ्रेशला माझा एक अख्खा शनिवार गेला. आठ जीबीचा पेनड्राइव्ह, तो विंडोज टाकण्यासाठी तयार करणारं मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल, आणि जुनी डिस्क काढून ठेवून मगच इन्स्टॉल (नाहीतर बूटची फाइल कधीकधी जुन्या डिस्कवर जाऊन बसते). ॲक्टिव्हेशनची बऱ्याच जणांना भीती असते, पण लॅपटॉपसोबत आलेली विंडोज असेल तर लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं, तीच एडिशन (होम किंवा प्रो, जी असेल ती) टाकली आणि नेट जोडलं की आपोआप होतं, माझं झालं. मग जुनी डिस्क यूएसबी केसमध्ये घालून फाइली कॉपी केल्या, आणि मला फ्रेश आवडायचं खरं कारण इथे आहे. कॉपी अडली की फाइलचं नाव समोर येतं. माझ्या सतरा फाइली वाचल्या गेल्या नाहीत, सतराच्या सतरा मी वहीत लिहून घेतल्या, त्यातल्या अकरा मेलमध्ये नाहीतर मित्रांच्या फोनवर मिळाल्या, सहा गेल्या. काय गेलं ते तरी माहितीये.

तोटे आहेतच. ब्राउझरचे बुकमार्क, मेलची फाइल, असलं बरंच काही ॲपडेटाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये असतं ते विसरायला होतं, मी विसरलो होतो, परत केस लावून काढावं लागलं. सॉफ्टवेअर एकेक करून टाकण्यात पुढचे दोन-तीन दिवस जातात. पण ज्यांची डिस्क पिवळी किंवा लाल आहे त्यांनी तो वेळ द्यावा असं मला तरी वाटतं. निळी असेल आणि वहिनींसारखं अडकलेलं बरंच असेल तर क्लोन खुशाल करा. अजून एक, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ११ ला इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (लॅपटॉपमधली सुरक्षेची सोय) लागतं, लॅपटॉप त्यात बसत असेल तर कोरी टाकतानाच ११ टाकून मोकळं होता येतं.

कुठलंही केलं तरी आजारी डिस्कवर आधी चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवू नका, ती दुरुस्तीच्या नादात तासन्‌तास डिस्कला राबवते आणि कधी त्यातच डिस्क जाते. आधी महत्त्वाच्या फाइली बाहेर काढा, त्यातही आधी कागदपत्रं आणि फोटो, सिनेमे शेवटी. टकटक आवाज येत असेल तर बंदच करा आणि रिकव्हरीवाल्याकडे न्या. आणि बॅटरी मेली असेल तर एसएसडी घ्यायला तपकीर गल्लीत जाल त्याच फेरीत तीही घ्या. मी ती नंतर घेतली, मधल्या दोन गुरुवारी सकाळीच लॅपटॉप बंद करून ठेवत होतो.