लुसैलचा अंतिम सामना: आक्रमणाला पाचपैकी साडेचार, पंचांना चार

फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना, कतारमधलं लुसैल, अर्जेंटिना-फ्रान्स, 18 डिसेंबर 2022. निकाल 3-3, पेनल्टी शूटआउटमध्ये अर्जेंटिना 4-2. मेसी विरुद्ध एम्बापे एवढंच डोक्यात ठेवून रेकॉर्डिंग लावलंत तर पहिली 64 मिनिटं हातची जातील. तोवर सामना अर्जेंटिनाच्या डी मारियाचा आहे.

अर्जेंटिनाचे प्रशिक्षक स्कालोनी यांनी त्याला डाव्या बगलेवर उभं केलं आणि मागे येऊन बचाव करायची सवय नसलेल्या फ्रान्सच्या डेम्बेलेच्या गळ्यात त्याला घातलं. डेम्बेले चकला, मागून पाय लागला, पेनल्टी. स्पर्श हलकाच होता, पण खेळाडू पुढे निघून गेल्यावर मागून लागलेला पाय हा फाऊलच. 36व्या मिनिटाचा गोल मात्र पुन्हापुन्हा बघा: मेसीची टिचकी, अल्वारेझचा पहिल्याच स्पर्शात पुढे पास, मॅक अॅलिस्टरची धाव आणि डावीकडे मोकळा डी मारिया. फ्रान्सला मध्यंतरापर्यंत गोलवर एक फटका मारता आला नाही. फ्रान्सचे प्रशिक्षक देशाँ यांनी 41व्या मिनिटाला जिरू आणि डेम्बेलेला बाहेर काढलं, ते उगाच नाही.

64व्या मिनिटाला डी मारिया बाहेर, अकुन्या आत. माझ्या मते सामना इथे फिरला. डावीकडून धाक उरला नाही, फ्रान्सची उजवी बाजू मोकळी झाली. पुढे फ्रान्सच्या कोमानने मेसीकडूनच चेंडू काढून घेतला आणि एम्बापेने थुरामशी देवाणघेवाण करून चेंडू खाली पडायच्या आत मारला. 80व्या मिनिटाच्या पेनल्टीनंतर दीड मिनिटाच्या आसपास 2-2!

पंच शिमॉन मार्चिनियाक. त्यांचा सर्वोत्तम निर्णय 87व्या मिनिटाचा: थुराम पेनल्टी क्षेत्रात पडला आणि यांनी थेट पिवळं कार्ड थुरामलाच दाखवलं. बरोबरी झालेली, दडपण प्रचंड, तरी व्हीएआरची (व्हिडिओ पाहून पंचांना मदत करणाऱ्या यंत्रणेची) वाट पाहिली नाही. अर्जेंटिनाच्या ओटामेंडीचा फाऊल आणि मॉन्टिएलचा हँडबॉल, फ्रान्सला मिळालेल्या या दोन्ही पेनल्टी निर्विवाद. गुण गेला तो अकुन्याच्या फाऊलवर. फ्रान्सचा प्रतिहल्ला सुटत होता, तिथे अॅडव्हांटेज द्यायला, म्हणजे शिट्टी न वाजवता खेळ चालू ठेवायला हवा होता. मार्चिनियाक यांनी नंतर स्वतः ते मान्य केलं.

मेसीच्या 108व्या मिनिटाच्या गोलवेळी अर्जेंटिनाचे बदली खेळाडू मैदानाच्या रेषेच्या आत आले होते, म्हणून गोल रद्द व्हावा अशी ओरड फ्रान्समध्ये झाली. तेव्हाच्या नियमाच्या शब्दांत त्याला आधार सापडतो, पण त्या खेळाडूंचा खेळाशी काडीचा संबंध नव्हता. 2023मध्ये नियमातच सुधारणा झाली: जादा माणसामुळे खेळात फरक पडला तरच गोल रद्द.

शूटआउटमध्ये मात्र पंच ढिले पडले. अर्जेंटिनाचा गोलरक्षक एमिलियानो मार्टिनेझने फ्रान्सच्या चुआमेनीच्या किकआधी चेंडू लांब फेकला, कार्ड निघालं ते नंतर, किक बाहेर गेल्यावर. आज हे चालत नाही. किक मारणाऱ्याचं लक्ष विचलित करायला किंवा वेळ काढायला गोलरक्षकाला 2023पासून नियमानेच मनाई आहे.