लार्ज ब्रीड पपी फूड: नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव (जर्मन शेफर्ड)

खंडू घरी आला तेव्हा दोन महिन्यांचा होता, वजन साडेसात किलो. आता अकरा महिन्यांचा आहे आणि ३१ किलो भरतो. एवढे दिवस त्याला एकाच कंपनीचं लार्ज ब्रीड पपी फूड दिलं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पाकिटावर काय वाचायचं ते कळलं की या प्रकारातलं कुठलंही चांगलं फूड निवडता येतं.

आमचा आधीचा राजाही शेफर्डच. त्याला दूध-पोळी, चिकन-भात आणि वर दुकानदाराने हातात ठेवलेलं कॅल्शियमचं सिरप, असं सगळं भरभरून घातलं. चार महिन्यांचा असताना इतका गुटगुटीत होता की चाळीतली मुलं त्याला अस्वल म्हणायची, आणि आम्हाला त्याचं कौतुक वाटायचं. दीड वर्षाचा होईतो मागचे पाय लचकू लागले. हिप डिस्प्लेशिया, म्हणजे कंबरेचा सांधा खोबणीत नीट न बसण्याचा आजार. तो रक्तातून येतोच, पण लहानपणी चढलेल्या वजनाने बळावतो, हे डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं. शेवटची दोन वर्षं ह्यांनी त्याला तिसऱ्या मजल्यावरून उचलून खाली नेलं. आमच्या काळाचौकीच्या इमारतीला लिफ्ट नाही.

म्हणून या वेळी आधी वाचलं, विचारलं. मोठ्या जातीच्या पिल्लाने हळू वाढावं, हे त्यातलं मुख्य. हाडं तयार व्हायला त्याला दीड वर्षापर्यंत लागतं आणि तोवर वजन पुढे धावलं तर भार कोवळ्या सांध्यांवर येतो. कॅल्शियमचं तर आणखी वेगळं. साधारण सहा महिन्यांपर्यंत पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम नाकारता येत नाही, जेवढं येईल त्यातलं बरंचसं शरीरात शिरतं आणि हाडांची वाढ बिघडते. त्यामुळे पूर्ण आहार असलेल्या फूडवर सिरप किंवा पावडर अजिबात घालू नका. याच्या उलट नुसतं बोनलेस चिकन आणि भात दिला तर फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम फारच कमी पडतं, तेही वाईटच.

पाकिटावर मी दोन गोष्टी बघते. एक, वाढत्या वयाच्या आणि त्यातही मोठ्या आकाराच्या कुत्र्यांसाठी, म्हणजे मोठेपणी ३२ किलोच्या आसपास किंवा वर जाणाऱ्यांसाठी, हा पूर्ण आहार आहे असं स्पष्ट लिहिलेलं असावं. दुसरी, कॅल्शियम. अमेरिकेत पशुखाद्याचे निकष ठरवणारी आफ्को नावाची संस्था आहे, तिच्या निकषांत अशा पिल्लांसाठी पाण्याचा अंश सोडून १.८ टक्के ही कमाल मर्यादा आहे. माझ्या पाकिटावर १.२ आहे.

या सगळ्यात सर्वांत उपयोगी पडला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. सुरुवातीला कपाने मोजायचो. एकदा सहज वजन केलं तर ह्यांनी भरलेला कप ११८ ग्रॅम आणि लेकीने भरलेला ९२! दिवसातून चार वेळा एवढा फरक. तेव्हापासून सकाळी दिवसभराचं खाणं तोलून एका डब्यात काढते, बक्षीस म्हणून द्यायचे दाणेही त्यातलेच. दोन महिन्यांचा असताना दिवसाला २४० ग्रॅम, चौथ्या महिन्यात ३५०, सहाव्यात ३९० आणि नंतर जवळपास तेवढंच. वजन वाढतं त्या प्रमाणात खाणं वाढत नाही, हे मला नवीन होतं. पाकिटावरचा तक्ता अंदाजापुरता. मी दर रविवारी बरगड्या चाचपते. हलक्या हाताने लागल्या पाहिजेत आणि वरून पाहिलं तर कंबर दिसली पाहिजे.

सासूबाईंना हे बघवेना. "हाडं लागतायत गं पोराची, बाळसं कुठंय?" असं रोज. त्यांना लॅब्रॅडोरवरचा एक अभ्यास समजावून सांगितला, २००२ साली प्रसिद्ध झालेला. ४८ कुत्री, जोडीतल्या एकाला लहानपणापासून दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणं. कमी खाणारी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखू लागले. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "राजाला आणखी दोन वर्षं मिळाली असती का गं?" मला उत्तर देता आलं नाही.

जूनमध्ये खंडू एकाएकी लंगडू लागला आणि माझे हातपाय गळाले. आधी पुढचा डावा पाय, आठवड्याने उजवा. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात नेलं, एक्स-रे काढला. पॅनोस्टायटिस निघाला, म्हणजे पायाच्या लांब हाडांना येणारी सूज, वाढत्या शेफर्डमध्ये बऱ्याचदा होणारा, पाय बदलत जाणारा आणि आपोआप बरा होणारा. विश्रांती आणि थोडे दिवस गोळ्या. कंबरेचे सांधे ठीक आहेत म्हणाले, तेव्हा तिथेच बाकावर बसून रडले.

पावसाळ्यात मात्र सांभाळा. मोठी गोणी स्वस्त पडते म्हणून जुलैत १५ किलोची घेतली. तीन आठवड्यांत दाणे मऊ पडले, खवट वास येऊ लागला. बुरशीचं विष कुत्र्याचं यकृत खराब करतं, म्हणून उरलेलं सगळं टाकून दिलं. आता चार किलोचंच पाकीट आणते आणि पाकिटासकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते.

खर्च महिन्याला साडेपाच-सहा हजार. आमच्या घराला तो जड आहे, पण राजाच्या औषधांवर याहून जास्त जात होते. खाल्ल्यावर तासभर त्याला पळू देत नाही, छाती खोल असलेल्या कुत्र्यांचं पोट फुगून पीळ बसायची भीती असते. पंधरा महिन्यांचा होईपर्यंत हेच फूड चालू ठेवणार, मग डॉक्टरांना दाखवून मोठ्यांचं. सकाळचा डबा हल्ली सासूबाईच तोलतात, चष्मा लावून, शेवटचा दाणासुद्धा बघून.