घरी येऊन कॉर्टिसोलचं सॅम्पल नेणारी लॅब: दोन स्टार, तेही त्या पोरामुळे

लॅबचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, तक्रार अजून चालू आहे. पण कुणी आईवडिलांसाठी घरबसल्या कॉर्टिसोल किंवा एसीटीएच (दोन्ही हार्मोनच्या रक्ततपासण्या) बुक करणार असेल तर आधी हे वाचा.

मागचं थोडक्यात सांगतो. आई गावाकडे गुडघ्यासाठी बाजारात बसणाऱ्या एका माणसाकडून पुड्या आणायची, जडीबुटीच्या, साइड इफेक्ट काही नाही वगैरे. गुण इतका झटपट की शेजारच्या दोन काकू पण घ्यायला लागल्या. दीड वर्षात आईचं तोंड गोल गरगरीत झालं, सगळे म्हणायचे तब्येत सुधारली. मग ती आमच्याकडे पुण्यात आली, इथे पुडी मिळेना, आणि पंधरा दिवसांत बाईला उठवेना. मळमळ, जेवण नको, उभं राहिलं की डोळ्यापुढे अंधारी, बीपी ९०/६०. आम्हाला वाटलं हवा बदलली म्हणून.

डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "काकू, कुठली पुडीबिडी घेत होतात का?" आई माझ्याकडे बघायला लागली, मी आईकडे.

मग त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. दोन्ही किडन्यांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक अधिवृक्क ग्रंथी असते, चार-पाच ग्रॅमची. आतल्या भागात ॲड्रेनलिन बनतं, म्हणजे कुत्रा मागे लागला की जे छातीत धडधडतं ते, आणि बाहेरच्या सालीत कॉर्टिसोल आणि अल्डोस्टेरॉन. कॉर्टिसोल किती बनवायचं त्याची ऑर्डर मेंदूतली पिट्युटरी सोडते, ती ऑर्डर म्हणजेच एसीटीएच. पुडीतून स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसोलसारखंच औषध, रोज आयतं मिळायला लागलं की पिट्युटरी ऑर्डर सोडायचीच बंद करते, खालच्या ग्रंथी बसून बसून आक्रसतात, आणि एक दिवस पुडी अचानक थांबली की ना वरून ऑर्डर ना खाली माल. पूर्ववत व्हायला कधी कधी महिनोन्‌महिने. अल्डोस्टेरॉनचं बरंचसं काम किडनीच्या इशाऱ्यावर चालतं म्हणून ते वाचतं, आणि रक्तातलं पोटॅशियम तेच ताब्यात ठेवतं, आईचं म्हणूनच नॉर्मल होतं. जाता जाता म्हणाले, कॉर्टिसोन, तेही स्टेरॉइडच, पहिल्यांदा गाजलं तेच सांधेदुखीवर, १९४८ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये, आणि १९५० ला त्याला नोबेल पण मिळालं. म्हणजे पुडीवाल्याचं ज्ञान अगदीच कच्चं नव्हतं, फक्त बंद कसं करायचं ते त्याच्या पुडीवर लिहिलेलं नव्हतं.

आता लॅब. डॉक्टर म्हणाले गोळी सुरू करायच्या आधी सकाळी आठच्या सुमाराचं रक्त पाहिजे, कारण कॉर्टिसोल पहाटे चढतं, सकाळी सगळ्यात जास्त असतं, मग दिवसभर उतरत जातं आणि मध्यरात्री अगदी तळाला. वेळ चुकली तर आकड्याला अर्थ नाही. म्हणून मी ॲपवर साडेसात ते आठचा स्लॉट घेतला, पैसे आधीच भरले.

पोरगा आला नऊ चाळीसला. आई तोपर्यंत सोफ्यावर आडवी. त्याची चूक नाही हे पण सांगतो, कोथरूडपासून सुरू करून आमचं घर त्याचं सहावं होतं. हात मात्र सोन्यासारखा, आईची नस भल्याभल्यांना सापडत नाही, याने एका टोचण्यात काढली, वर "आज्जी, मूठ सोडा आता" म्हणून गप्पा मारत होता. दोन स्टार त्याचे.

पण एसीटीएच हा नाजूक प्रकार आहे, जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये घेऊन लगेच बर्फात ठेवावं लागतं, नाहीतर खराब होऊन आकडा खोटा कमी येतो. त्याच्या बॅगेतला जेल पॅक मी हात लावून बघितला, कोमट. विचारलं तर म्हणाला सकाळी गार होता सर. आमच्या फ्रीजमधला बर्फ डब्यात घालून दिला, पण पुढे ती ट्यूब अजून किती घरं हिंडली देव जाणे.

आणि खरा संताप रिपोर्ट बघून आला. त्यावर सॅम्पल घेतल्याची वेळ छापलेली: ७:५८! कस्टमर केअरला फोन केला तर मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, सिस्टीम स्लॉटचाच टाइम घेते." अहो मग डॉक्टरने काय समजायचं? थायरॉइड, शुगर, तिथे एखादवेळी खपून जाईल, पण ज्या टेस्टचा अर्थच घड्याळावर ठरतो तिथे खोटी वेळ छापायची म्हणजे कहर आहे. मी शेजारी पेनाने खरी वेळ लिहून नेली. डॉक्टरांनी कॉर्टिसोल २.६ बघून मान हलवली, एसीटीएचवर सरळ काट मारली आणि म्हणाले उद्या स्वतः घेऊन जा.

दुसऱ्या दिवशी पावणेआठला रिक्षाने एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नेलं. स्टीलच्या ट्रेमध्ये बर्फ तयार, रक्त काढलं की ताई ट्यूब घेऊन थेट मशीनच्या खोलीत. वीस मिनिटांत बाहेर, आणि पावतीवर वेळ हाताने लिहिलेली, ८:०५. कॉर्टिसोल २.१, एसीटीएच पण कमीच, म्हणजे डॉक्टरांचा अंदाज बरोबर. त्याच दिवशी हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे कॉर्टिसोलचीच गोळी, सुरू झालं, सकाळी १० मिलिग्रॅम, दुपारी ५. चार दिवसांनी आई स्वतःहून भाकऱ्या थापायला उठली. ताप आला की डोस दुप्पट करायचा आणि आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही, हे डॉक्टरांनी कार्डावर लिहून दिलंय, ते तिच्या बटव्यात असतं. गावाकडच्या त्या दोन काकूंना पण फोन केला, पुडी एकदम सोडू नका, आधी डॉक्टरला दाखवा म्हणून.

अपडेट: तक्रारीवर रिफंड नाही, चारशे रुपयांचं कूपन आलंय. फुल बॉडी चेकअपवरच चालतं, आणि त्या पॅकेजमध्ये कॉर्टिसोल नाही.