मलावी की बीड? आरोग्याच्या क्षेत्रकार्याची निवड

सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण संपवून एखाद्या आंतरराष्ट्रीय संस्थेमार्फत आफ्रिकेत जावे की मराठवाड्यातच थांबावे, हा पेच मीही सोडवला आहे. आधी पावणेदोन वर्षे मलावीत आणि त्यानंतर बीड जिल्ह्यात काम करून.

साधनांत म्हणावा तसा फरक नाही. बाळाचा दंडघेर मोजण्याची रंगीत पट्टी दोन्हीकडे तीच आणि ११.५ सेंटिमीटरच्या आतला, तीव्र कुपोषण दाखवणारा लाल पट्टाही तोच. पगार, वाहन, औषधांचा साठा या बाबतींत परदेश निर्विवाद सरस. इकडे अकरा महिन्यांचा करार आणि रखडणारे मानधन. कॉलरा आणि एचआयव्ही यांविषयी तिकडे जे शिकलो, ते इथे शिकलो नसतो.

माझे घोडे अडले ते दुभाष्यापाशी. मलावीतल्या एका आरोग्य केंद्राच्या ओट्यावर एक आई दोन मिनिटे बोलत होती. मध्येच तिने रस्त्याकडे हात केला, मग शेजारच्या म्हातारीकडे पाहिले आणि आवाज उतरवला. दुभाषा म्हणाला, "बाळाला अंगावर पाजते म्हणते." मी रकान्यात 'होय' लिहिले. तो माणूस प्रामाणिक होता. तिथली चिचेवा भाषा मात्र माझी रामराम आणि बाजारहाटापलीकडे कधी गेली नाही.

गुढीपाडव्याच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या परततात, तेव्हा केज तालुक्यातील एखादी बाई खाली पाहत एवढेच म्हणते, "अंगावरून जातंय." या दोन शब्दांमागे फडावर न मिळालेले पाणी असते, एक दिवस बसले तर कापला जाणारा खाडा असतो, न फिटलेली उचल असते, आणि "पिशवी काढून टाकू का?" हा न विचारलेला प्रश्नही असतो. ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी २०१९ साली राज्य सरकारला समिती नेमावी लागली. पण तो प्रश्न ओठांवर येण्याआधी ओळखायचा, तर तिचीच बोली कानात असावी लागते. बीडच्या सीमेलगत जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू करून पुढे गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले, त्यात हेही शहाणपण असावे, असे मला वाटते.

भाषा चटकन आत्मसात करणाऱ्याला किंवा साथींच्या कामाचीच ओढ असलेल्याला माझा हिशेब कदाचित लागू पडणार नाही. जायचेच असेल, तर सहा महिन्यांची नेमणूक शक्यतो टाळावी आणि पहिल्या पगारातून भाषेची शिकवणी लावावी. माझा इथला करार जूनमध्ये संपतो. मुदतवाढीचा अर्ज देऊन ठेवला आहे.