हिरव्या लाईटला दोन स्टार, शेजारच्या आजोबांच्या उजेडाला पाच

आधीच सांगतो, मासेमारीसाठी पाण्यात सोडायचा हा हिरवा लाईट खराब नाहीये. पेटतो, हिरवागार पेटतो, पाण्यात बुडवला तरी आत पाणी शिरलं नाही, म्हणजे बॉक्सवर लिहिलंय ते खोटं नाही. तरी दोन स्टार का, तर माझ्यासारखा माणूस, ज्याच्याकडे बोट नाही आणि जो अमेरिकेत सीॲटलच्या धक्क्यावर उभा राहून रात्रीचे म्हाकूल (स्क्विड) पकडायला जातो, त्याला याचा काडीचा उपयोग नाही आणि विकणारा हे कुठेच सांगत नाही. उलट फोटोत एक माणूस धक्क्यावर उभा दाखवलाय, हसतोय वगैरे. तो का हसतोय ते मला नंतर कळलं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इकडे प्युजेट साऊंड नावाच्या खाडीत हिवाळ्यात म्हाकूल येतात, कोणी माकुल म्हणतं, गोव्याकडचे माणक्यो म्हणतात, तेच. साधारण वीतभर लांब, आयुष्य जेमतेम वर्षभराचं, अंडी घालायला आत येतात आणि मग मरतात. नोव्हेंबर-डिसेंबरला सीॲटलजवळ असतात, मग हळूहळू दक्षिणेला टकोमाकडे सरकतात. पकडायची सगळी गंमत रात्री, आणि रात्र इथे डिसेंबरात साडेचारलाच होते, त्यामुळे लॅपटॉप बंद करून पोरांना घेऊन सातपर्यंत धक्क्यावर जाता येतं आणि अकराला घरी. आमचा ठरलेला धक्का वेस्ट सीॲटलचा सीक्रेस्ट, समोर पाण्यापलीकडे अख्खं डाऊनटाऊन चमकत असतं. उत्तरेकडे राहणारे एडमंड्सला जातात, तिथेही चांगले मिळतात.

लाईट का लागतो, तर उजेडाला बारीक जीव गोळा होतात, त्यांच्यामागे छोटे मासे, आणि त्यांच्यावर टपलेले म्हाकूल. पण म्हाकूल स्वतः भर उजेडात येऊन बसत नाही हो. तो उजेड जिथे संपतो आणि काळोख सुरू होतो त्या कडेला थांबतो, तिथून झडप घालतो आणि परत अंधारात. ही एक गोष्ट मला आधी कळली असती तर हा रिव्ह्यू लिहायची वेळच आली नसती.

पहिल्या वर्षी आमच्याकडे लाईटच नव्हता, आम्ही दुसऱ्यांच्या उजेडाच्या आसपास घुटमळायचो, लग्नात न बोलावलेल्या पाहुण्यासारखं. म्हणून मागच्या सीझनला ठरवलं की स्वतःचा घ्यायचा. तीन रात्री रिव्ह्यू वाचले, सगळे हिरव्याच्या बाजूने, कारण किनाऱ्याजवळच्या पाण्यात हिरवा उजेड जास्त खोल जातो, आणि ते खरंही आहे. मग हा घेतला. 12 व्होल्टचा, कणसासारखा दांडा, चारही बाजूंनी एलईडी, 15 फूट वायर आणि टोकाला बॅटरीला लावायचे दोन चिमटे. लाईट स्वस्त आहे. बॅटरी वेगळी घ्यावी लागते आणि ती लाईटपेक्षा महाग आणि वजनाला अशी की पार्किंगपासून धक्क्यापर्यंत नेताना मी दोनदा खाली ठेवली. हे कुठल्याही रिव्ह्यूत नव्हतं.

पहिल्या रात्री सहाच्या सुमाराला पोचलो, भरती होती, पाणी बऱ्यापैकी वर. लाईट सोडला तर तो तरंगायला लागला. म्हणजे कणीस आडवं पडून पाण्यावर हिरवं हिरवं डुलतंय आणि उजेड सगळा आकाशाकडे. बॉक्समध्ये वजन नाही, ते आपण बांधायचं. बरं, ते बांधावं म्हणून वर ओढला तर बंद करायचा राहिला, आणि हा दिवा पाण्याबाहेर पेटता ठेवायचा नसतो, गार व्हायला त्याला पाणीच लागतं, मिनिटभरात इतका तापला की मुलगी हात लावणार तेवढ्यात मीच पकडला आणि चटका खाल्ला. कागदावर बारीक अक्षरात लिहिलंय ते, घरी येऊन वाचलं.

शिशाची दोन वजनं बांधून शेवटी गेला खाली. आणि खरं सांगतो, दिसायला काय सुंदर! धक्क्याखालचं पाणी पाचूसारखं उजळलं, दहा मिनिटांत बारीक मासे गोल गोल फिरायला लागले, पोरं कठड्याला चिकटून बघतायत. मला वाटलं जमलं. तेवढ्यात उजवीकडच्या माणसाचा गळ माझ्या वायरमध्ये अडकला. तो सोडवला तर डावीकडच्याचा. म्हाकूल पकडायचा गळ म्हणजे जिग, त्याला खाली मोराच्या तुऱ्यासारख्या उलट्या सुया असतात, आणि इथल्या नियमाप्रमाणे एका दोरीला चार जिग लावता येतात, म्हणजे चार तुरे, आणि मधोमध माझी काळी वायर लोंबकळतेय. कोणी शिव्या दिल्या नाहीत, इथे लोक फार सभ्य, नुसतं "इट्स ओके" म्हणतात आणि चार पावलं लांब जाऊन उभे राहतात. ते जास्त लागतं.

आणि मुख्य घोळ पुढे झाला. सीॲटलला भरती-ओहोटीत सरासरी 11 फुटांच्या वर फरक पडतो, उधाणाला आणखी. त्यात हिवाळ्यात इथली मोठी ओहोटी नेमकी रात्रीची असते. आणि आपण शहाणे म्हणून अमावस्या बघून गेलेलो, चांदणं नको, आपला उजेड उठून दिसावा, पण अमावस्येला उधाण असतं हे कोकणातल्या माणसाच्या नातवाला कोणी सांगायला हवं होतं का? नऊ-साडेनऊपर्यंत पाणी उतरत उतरत इतकं खाली गेलं की 15 फुटांची वायर संपली आणि लाईट पाण्याच्या वर हवेत लोंबकळायला लागला. तापू नये म्हणून बंद केला. झालं. 12 व्होल्टची बॅटरी, दोन शिसं, एक भाजलेलं बोट, आणि बादलीत शून्य.

शेजारी एक व्हिएतनामी आजोबा होते, सत्तरीच्या पुढचे असावेत, डोक्यावर कानटोपी, छोटा होंडा जनरेटर आणि कठड्याला बांधलेल्या काठीवर साधा पांढरा फ्लडलाईट, खाली पाण्याकडे तोंड केलेला. त्यांची बादली भरत आलेली. माझा लाईट बंद झालेला बघून त्यांनी हातानेच इकडे ये म्हटलं. त्यांचं इंग्लिश थोडं, माझं व्हिएतनामी शून्य, पण धडा पाच मिनिटांचा होता. लाईटकडे बोट दाखवून, "वरून." मग पाण्यावरच्या उजेडाच्या कडेकडे, जिथे धक्क्याची सावली पडलेली, "तिथे टाक." मग दोरी धरून हळू वर, हळू खाली, आणि एकदम थांबून डोळे मोठे केले, म्हणजे वजन आलं की सोडायचं नाही.

हे वजन येणं फार मजेशीर आहे. म्हाकूल माशासारखा चावा घेऊन पळत नाही, तो हातांनी मिठी मारतो, आणि आपल्याला दोरीवर काय कळतं तर जिगला ओला पायमोजा अडकलाय. जिगच्या सुयांना काटा नसतो म्हणून दोरी एक क्षण जरी ढिली पडली तरी निसटला. झटका द्यायचा नाही, एका लयीत वर ओढत राहायचं. तिसऱ्या का चौथ्या वेळी माझ्या दोरीला ओला पायमोजा आला. वर काढला, धक्क्याच्या फळीवर ठेवला, आणि आम्ही चौघं खाली वाकून बघत बसलो. अंगावर तपकिरी-लाल ठिपके, आणि ते ठिपके पेटतायत विझतायत, लाटेसारखे डोक्याकडून शेपटीकडे, मध्येच सगळा पांढराफटक, परत लाल. डोळा एवढा मोठा की तो आपल्याला बघतोय असंच वाटतं. मुलगी म्हणाली बाबा याला सोडूया. तेवढ्यात त्याने सगळ्यांच्या अंगावर शाई उडवली आणि मग तिचं मत बदललं. माझ्या पिवळ्या जॅकेटवर तो डाग अजून आहे.

तर आता कामाचं. दुसऱ्या आठवड्यात मी हार्डवेअरच्या दुकानातून चार्जिंगचा फ्लडलाईट आणला, रात्री काम करणारे बांधकामवाले वापरतात तो, घरातल्या ड्रिलचीच बॅटरी त्याला बसते. याला चार स्टार. हलका आहे, चिमट्याने कठड्याला बसतो, जनरेटरची घरघर नाही, आणि पाणी कितीही खाली गेलं तरी याला काय फरक पडत नाही, उजेडाचं वर्तुळ फक्त मोठं होतं. फुल ब्राईटनेसवर दोन तास म्हणतात, माझ्याकडे चार डिग्री थंडीत दीड तास चालला. मिडीयमवर ठेवा, भरपूर होतो, दुसरी बॅटरी खिशात आतल्या बाजूला ठेवा म्हणजे गार पडत नाही. एक स्टार कापला कारण तोंड पुरेसं खाली वळत नाही, समोरच्यांच्या डोळ्यात उजेड जातो, मी जुन्या पुठ्ठ्याची टोपी करून लावलीय. पांढरा की हिरवा यावर इथे लोक तासन् तास वाद घालतात. मी दोन्हीखाली उभा राहिलोय, मला विचाराल तर रंगापेक्षा सावलीची कड कुठे पडते तेच महत्त्वाचं.

जिग अंधारात चमकणारे घ्या, लहान, दोन इंचाच्या आसपासचे, गुलाबी आणि हिरवा दोन्ही ठेवा, मध्ये मध्ये टॉर्च मारून चार्ज करायचे. महागडी काठी नको, हलकी पाहिजे, नाहीतर तो पायमोजा कळणारच नाही. लायसन्स विसरू नका, 15 वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येकाला शेलफिशचं (म्हणजे शिंपले वगैरेंचं, म्हाकूल त्यातच धरतात) लागतं, ऑनलाईन मिळतं. लिमिट माणशी 10 पाउंड किंवा 5 क्वार्ट, म्हणजे पावणेपाच लिटरच्या आसपास, आणि प्रत्येकाची बादली वेगळी लागते. आपल्याकडे "अरे सगळं एकातच टाक, घरी गेल्यावर बघू" ही सवय असते, ती इथे चालत नाही, तपासणीला माणूस येतो आणि बादलीत डोकावतो. आम्ही मार्करने बादलीवर रेघ मारून ठेवलीय.

हे सगळं मालवणच्या मामाला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. तो आधी काहीच बोलला नाही, मग म्हणाला, "मेल्या, हंय लायटी लावन मासे मारतत म्हणान आम्ही आंदोलना करतव आणि तू थंय लाईट धरून उभो?" त्याचं चूक नाही. केंद्राने 2017 मध्येच एलईडी लाईटच्या मासेमारीवर बंदी घातलीय, तरी रात्री लांबून समुद्रावर उजेड दिसतात आणि छोट्या होडीवाल्यांच्या जाळ्यात काही उरत नाही, ही त्याची रोजची चीड आहे. मी सांगितलं की मामा, तिकडे जनरेटर लावलेल्या बोटी आणि टनावारी माल, इथे एक माणूस, एक काठी आणि पाच क्वार्टची बादली. तो म्हणाला, "बादली दाखव." दाखवली. "ह्येच्यात दोन माणसांचा सुक्का पण होवचा नाय."

दोन माणसांचं होतं, चौघांचं जेमतेम. साफ करायला सोपे, डोकं धरून ओढलं की आतलं सगळं बाहेर येतं, मग ती काचेसारखी पारदर्शक काडी काढायची, साल सोलायची. बायको मालवणी मसाला लावून मोठ्या आचेवर परतते, दोन मिनिटं, तीन झाली की रबर. पहिल्या यशस्वी रात्रीचे खाताना तिने शांतपणे विचारलं, "दोन लाईट, एक बॅटरी, जिग, लायसन्स आणि धक्क्यापर्यंतचं पेट्रोल, किलोला काय भाव पडला रे?" मी म्हटलं अजून सीझन संपायचाय.

हिरवा लाईट परत करायला गेलो तर रिटर्नची मुदत संपलेली आणि कस्टमर केअरचं उत्तर आलं की प्रॉडक्ट बोटीवर वापरण्यासाठी आहे. हे वाक्य पहिल्या पानावर टाकलं असतं तर तीन स्टार दिले असते. सध्या तो गॅरेजमध्ये आहे. आपल्यापैकी कोणाची बोट असेल तर फुकट घेऊन जा, बॅटरी पण देतो, फक्त उचलायला दोघं या.