जिप्सीचा क्लच बदलून आठ महिने झाले

गेल्या नोव्हेंबरात, भाताची झोडणी उरकल्यावर, माझ्या २००८ च्या मारुती जिप्सीचा क्लच बदलला. तेव्हापासून गाडी ६,४०० किलोमीटर चालली आहे. त्यातल्या निम्म्या फेऱ्या साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून, कासवरून बामणोलीकडच्या आमच्या गावच्या घरी. शेवटचा दीड किलोमीटर रस्ता नाहीच, लाल मातीची चढण आहे. पावसाळाही अर्धा काढून झाला, म्हणून आता लिहायला हरकत नाही. क्लच बदलल्या दिवशी सगळ्याच गाड्या लोण्यासारख्या चालतात.

आधी माझाच गुन्हा कबूल करतो. आमच्या घरापाशी गाडी वळवायला जागा नाही. पोती भरून न्यायची तर खालून वरपर्यंत रिव्हर्समध्ये चढावं लागतं. ते मी दोन वर्षं टू व्हीलमध्ये (ताकद फक्त मागच्या चाकांना), हाफ क्लचवर, रेस देत देत करत होतो. जिप्सीला गिअरच्या लिव्हरशेजारी आणखी एक छोटा लिव्हर आहे. त्याने फोर हाय (चारही चाकांना ताकद) किंवा फोर लो (चारही चाकं, शिवाय संथ पण जोरकस ओढ) निवडता येतं, हे मला माहीत होतं. पण तो फक्त गाडी रुतल्यावर ओढायचा, अशी काहीतरी समजूत डोक्यात बसली होती. शिवाय आधीच्या मालकाने २३५/७५ आर १५ चे टायर चढवलेले. मूळच्या २०५/७० आर १५ पेक्षा त्यांचा व्यास साडेसहा सेंटीमीटरने जास्त, म्हणजे सगळे गिअर जवळजवळ दहा टक्क्यांनी उंच झाल्यासारखे, ओढ तेवढी कमी. दिसायला रुबाब होता, पण त्या रुबाबाचा भार क्लच वाहत होता.

लक्षणं हळूहळू आली. आधी पेडल अगदी वर आल्यावर गाडी उचलायला लागली. मग यवतेश्वरच्या चढावर चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडायचं आणि गाडी तेवढ्याच वेगात. माझ्या डॅशबोर्डवर टॅकोमीटर नाही, त्यामुळे हे कानानेच ओळखायचं. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये क्लच घसरताना पटकन कळत नाही. चौथ्या-पाचव्यात, चढावर, भार घातल्यावर तो उघडा पडतो. शेवटी तो वास. एकदा नाकात बसला की विसरत नाही. बायकोने विचारलं, "कुणी रबर जाळतंय का?" मी म्हटलं, हो, खालच्या वाडीत कुणीतरी जाळत असेल.

पहिल्यांदा ज्या गॅरेजात गेलो तिथे पेडल दाबून बघितलं, "केबल ढिली झालीय" म्हणाले आणि नट आवळून दिला. पंधरा दिवसांत क्लच दुप्पट घसरायला लागला. का, ते नीट सांगतो, कारण केबलवाल्या क्लचच्या बऱ्याच गाड्यांचं हे असंच होतं. क्लचची प्लेट फ्लायव्हील (इंजिनचं फिरतं जड चाक) आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये दाबून धरलेली असते. ती झिजते तशी पेडलची मोकळी चाल कमी होत जाते. प्लेट पातळ झाली की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते आणि तिच्या डायफ्रामची (गोल स्प्रिंगची) बोटं मागे, पेडल दाबल्यावर त्यांना ढकलणाऱ्या रिलीज बेअरिंगच्या दिशेने येतात. मोकळी चाल संपली की बेअरिंग त्या बोटांवर टेकून राहतं. म्हणजे तुमचा पाय खाली फुटबोर्डवर असला तरी क्लच थोडा दाबलेलाच. अशा वेळी केबल ढिली करायची असते. आवळली तर उरलीसुरली प्लेटही जळते. पेडल हाताने दाबून बघावं, साधारण इंचभर ते काही न करता, अलगद खाली गेलं पाहिजे. माझं जेमतेम नखाएवढं जात होतं.

नंतर ज्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो त्यांनी आधी काहीच उघडलं नाही. हँडब्रेक ओढायला लावला, चाकांना दगड लावले, इंजिन चालू, चौथा गिअर, थोडी रेस आणि क्लच सोड म्हणाले. चांगला क्लच असता तर इंजिन धाडकन बंद पडलं असतं. माझं दोन-तीन सेकंद कण्हत राहिलं आणि मग मेलं. "पुन्हा करू का?" विचारलं तर म्हणाले, "दादा, एकदा बघितलं, बास. दरवेळी थोडा जळतोय तो." मग न्यूट्रलमध्ये गाडी ठेवून पेडल दाबून आवाज ऐकला. पेडल दाबल्यावर घरघर सुरू झाली तर रिलीज बेअरिंग, आणि पाय काढलेला असताना घरघर असून दाबल्यावर थांबली तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (क्लचमधून आत जाणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग. माझी पहिल्या प्रकारची निघाली. सुटलो, कारण दुसरी असती तर गिअरबॉक्सही उघडावा लागला असता.

जिप्सीचा एक मोठा फायदा इथे कळला. तिचा ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा, तो छोटा लिव्हर याचाच) गिअरबॉक्सला चिकटलेला नसतो, तो मागे वेगळा टांगलेला असतो आणि मध्ये एक छोटा शाफ्ट. त्यामुळे क्लचसाठी ट्रान्स्फर केसला हात लावावा लागत नाही. छोटा शाफ्ट खुणा करून सोडला, गिअरचा लिव्हर आतून काढला, तेल काढलं, स्टार्टर आणि केबल सोडली आणि मिस्त्री आणि त्यांच्या पोराने जॅकवर गिअरबॉक्स मागे सरकवून खाली घेतला. सकाळी दहाला सुरू केलं, जेवायच्या आधी प्लेट हातात होती. ज्या गाड्यांत दोन्ही एकत्र असतात त्यांचं धूड उतरवायला जास्त माणसं आणि मोठा जॅक लागतो, मजुरीत फरक पडतो तो तिथेच.

प्लेट बघून लाज वाटली. रिव्हेटची डोकी अस्तराच्या (प्लेटवरच्या घासणाऱ्या थराच्या) खाली निदान अर्धा मिलिमीटर राहायला हवीत. माझ्या प्लेटची एका बाजूची रिव्हेटं वर येऊन फ्लायव्हीलवर गोल रेघा ओढत होती. फ्लायव्हीलवर निळे डाग आणि केसासारख्या भेगा. मिस्त्रींनी नख फिरवून बघितलं, भेगा वरवरच्या होत्या, म्हणून लेथवर हलका फेस मारून, म्हणजे वरचा थर खरवडून सपाट करून घेतला. खोल असत्या तर फ्लायव्हीलच बदलायचं. इथे कंजुषी करू नका. जुन्या फ्लायव्हीलवर तशीच नवी प्लेट बसवली की गाडी उचलताना थरथरते, आणि मग लोक नव्या प्लेटला शिव्या देतात.

इंजिनच्या क्रँकचं मागचं ऑइल सील ओलसर होतं. गळत नव्हतं, नुसतं ओलं. तेही बदललं, पायलट बेअरिंगही (इनपुट शाफ्टचं पुढचं टोक धरणारं) आणि रिलीज बेअरिंग तर बदलायचंच होतं. या तिन्ही वस्तू स्वस्त आहेत, महाग आहे ते गिअरबॉक्स खाली घेणं. सीलमधून दोन थेंब तेल अस्तरावर आलं तर नवा क्लच महिन्याभरात घसरतो. प्लेट मध्यावर बसवायला त्यांच्याकडे जुना तोडलेला इनपुट शाफ्ट होता, तो आत घालून प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळले. स्प्लाइनवर (शाफ्टच्या खाचांवर) ग्रीसचं फक्त बोट फिरवलं. बेल हाउसिंगमधली (क्लचभोवतीच्या कवचातली) काळी धूळ हवा मारून उडवली नाही, ओल्या फडक्याने पुसली. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकतं, हे त्यांच्या पोराला माहीत होतं. मला नव्हतं. सगळं मिळून दहा हजारांच्या आत भागलं.

आता आठ महिन्यांचा हिशोब.

पहिले पाचशे किलोमीटर ओझं घातलं नाही. हजारावर केबल एकदा थोडी जुळवली, त्यानंतर हात लावलेला नाही. यवतेश्वरला चौथ्या गिअरमध्ये जिथे गाडी नुसती ओरडायची तिथे आता ओढते, तरी ८० हॉर्सपॉवरचं १.३ लिटरचं पेट्रोल इंजिन आहे, चमत्काराची अपेक्षा नको. टायर मूळ मापावर आणले. त्याचा फरक नव्या क्लचइतकाच जाणवला, असं माझं प्रामाणिक मत आहे. दिसायला गाडी जरा गरीब वाटते, असो.

खरा बदल मात्र त्या छोट्या लिव्हरचा. जिप्सीचा लो रेशो फार खोल नाही. ट्रान्स्फर केसचं प्रमाण हायमध्ये १.४०९ आणि लोमध्ये २.२६८, म्हणजे दीडपटीहून थोडा जास्त फरक. पण रिव्हर्समध्ये भरलेली गाडी चढवताना तेवढाही पुरतो. क्लच पूर्ण सोडून गाडी आपापली रांगत वर जाते, पेडलवर पाय लागतच नाही. माझ्या गाडीला पुढच्या चाकांवर हाताने फिरवायचे हब आहेत, लॉक केले की ती चाकं ताकदीला जोडली जातात, फ्री केले की सुटतात. जमीन कोरडी आणि टणक असेल तर हब फ्री ठेवून लिव्हर फोर लोमध्ये टाकतो. लो रेशो मिळतो, पण ताकद फक्त मागच्या चाकांना, त्यामुळे वळताना शाफ्टवर ताण बसत नाही. चिखल असेल तर उतरून हब लॉक करायचे. पावसात उतरायचा कंटाळा येतो, हे खरं. पण चिखलात एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. टू व्हीलमध्ये जादा ताकद दिली की मागचं चाक फिरतं आणि क्लच वाचतो. चारही चाकांनी जमीन धरली की घसरायला क्लचशिवाय दुसरं काही उरत नाही. फोर हायमध्ये हाफ क्लचवर झगडणं हे तर सगळ्यात वाईट.

तक्रारी दोन. नव्या प्रेशर प्लेटने पेडल जड झालंय, सातारा शहराच्या ट्रॅफिकमध्ये डावा गुडघा बोलतो. आणि जुलैत गाडी नऊ दिवस उभी राहिली होती, तर पहिल्या दोन-तीन उचलण्यांना थरथर आली. फ्लायव्हीलवर दमटपणाने गंजाचा पापुद्रा धरतो, तो घासून गेला की बंद होते. जास्त दिवस उभी राहिली तर प्लेट चिकटतेही, म्हणून आता गावाला जायचं नसलं तरी आठवड्यातून एकदा गाडी हलवतो. ओढ्याच्या पाण्यातून जाताना क्लच दाबायचा नाही, हेही मिस्त्रींनी बजावलंय. बेल हाउसिंग पाणबंद नाही. प्लेट सुटली की मधल्या फटीत गढूळ पाणी शिरतं.

गेल्या महिन्यात खताची पोती भरून रिव्हर्समध्ये वर आलो. बायको दारात उभी होती. खिडकीतून वाकून तिने वास घेतला आणि आत निघून गेली. पेडलच्या बुशिंगचा कर्र आवाज अजून आहे. तेवढं दिवाळीआधी करून घ्यायचंय.